कृष्णेची नाव कुणी काढली?

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन पुण्याहून सांगलीला निघालो होतो. नेहमीप्रमाणे साताऱ्याच्या अलीकडे मिसळीला थांबलो. हॉटेलवाल्याने हल्लीच रंगरंगोटी केलेली दिसत होती, कारण समोरच्या भिंतीवर वाईच्या घाटाचं हे एवढं मोठं चित्र लावलं होतं. ढोल्या गणपतीचं देऊळ, पायऱ्या, कळशी घेतलेल्या दोन बायका, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब, आणि उजव्या कोपऱ्यात एक नाव. मला चित्र आवडलं. बाबा चहा ओतता ओतता थांबले आणि म्हणाले, "अरे, ही नाव इथवर आली कशी?"

मी नीट बघितलं. नावेत वल्हं नव्हतं. बांबू नव्हता. काठाला बांधायची दोरी नव्हती. आणि अर्थातच नावाडी नव्हता. कोपरा रिकामा दिसत होता म्हणून चित्रकाराने तिथे एक नाव ठेवून दिली होती, आपण शोकेसमध्ये फुलदाणी ठेवतो तशी.

तिथपासून कराड येईपर्यंत आमचा हाच विषय. आणि त्यानंतर आठवडाभर ऑफिसमध्ये बिल्ड चालू असताना माझ्या डोक्यातही हाच विषय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न साधा आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून, कराडवरून, सांगलीवरून पुढे कर्नाटकात जाते. या सगळ्या पट्ट्यात पूल होण्याआधी माणसं, शेरडं, धान्याची पोती, नवऱ्या मुली, बाळंतिणी, शाळामास्तर, सगळं काही नावेतून पलीकडे जात होतं. सांगलीचा आयर्विन पूल झाला १९२९ मध्ये. त्याआधी सांगली आणि सांगलवाडी यांच्यामध्ये नदी होती आणि नदी म्हणजे नाव. लहान गावांना तर पूल मिळायला आणखी कित्येक वर्षं लागली. माझ्या आजीचं माहेर नदीच्या पलीकडे. ती सांगायची की नावाड्याला रोजचे पैसे द्यायचे नसत, सुगीला धान्य द्यायचं. म्हणजे आजच्या भाषेत वार्षिक वर्गणी :)

एवढी कामाची नदी. मग त्या कामाची चित्रं कुठे आहेत?

"चित्रकारच नव्हते हो तेव्हा," असं कुणी म्हणेल. हे काही खरं नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. त्याच्याबरोबर काम करणारा गंगाराम तांबट हा तर आपला मराठी माणूस. त्याने वेरूळची लेणी काढली, पहिलवान काढले, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा काढला. गेंडा! म्हणजे समोर दिसेल ते बारकाईने उतरवायची नजर आणि हात दोन्ही होते. नानांचा वाडा वाईजवळ मेणवलीला, तिथल्या भिंतींवर चित्रं आहेत, वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. (शाहरुखचा 'स्वदेस' तिथेच झाला, २००४ मध्ये. आमच्या बॅचच्या निम्म्या पोरांनी तो बघून परत यायचं ठरवलं होतं. आले किती ते विचारू नका.)

पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं, आणि तिथून पाण्याच्या रंगात निसर्गचित्रं काढणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या बाहेर पडल्या. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे स्वतः कुंचला हातात घेणारा राजा. त्यांनी चित्ररामायण केलं, यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही आहे. पाहिलं नसेल तर एक रविवार काढून जाऊन याच.

तेव्हा हात होते, रंग होते, आश्रयदाते होते. तरीही आपल्या डोळ्यांसमोर कृष्णा म्हटलं की घाट येतो, देऊळ येतं, संध्याकाळ येते. तर ओढणारी माणसं येत नाहीत. माझं मत असं की हा योगायोग नाही, ही निवड आहे. नदी आपल्याकडे देवी आहे, आणि देवीच्या चित्रात घामाला जागा नसते. शिवाय घाट बांधला रास्त्यांनी, देऊळ बांधलं रास्त्यांनी, त्याला नाव आहे. नाव हाकणारा कोळी किंवा भोई. त्याचं चित्र काढून घ्यायला पैसे मोजणार कोण? त्याच्या नावेतून राजेही गेले असतील, पण त्यांना चित्र हवं होतं ते दरबारातलं.

आता जरा बाहेर बघू. लंडनची टेम्स ही एकोणिसाव्या शतकात जगातल्या अत्यंत गजबजलेल्या नद्यांपैकी एक. धूर, कोळसा, चिखल, शिड्या, शिव्या. आणि तिथल्या चित्रकारांनी नेमकं तेच काढलं. विल्यम वायली नावाच्या चित्रकाराचं १८८३ मधलं एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याच्या नावातच कष्ट, चकाकी, काजळी आणि संपत्ती हे चारही शब्द आहेत, आणि ते सगळं भरतीच्या पाण्यावर वाहतंय. चित्रात कोळशाचे पडाव आहेत आणि त्यावर राबणारी माणसं आहेत. देऊळ म्हणजे चर्च वगैरे महत्त्वाचं नाही. अमेरिकेतून आलेला व्हिसलर १८५९ च्या सुमारास गोदीच्या वस्तीत जाऊन राहिला आणि धक्क्यावरच्या नावा, दोर, वखारी तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसला.

त्याआधी डच लोक. व्हॅन डी व्हेल्डे बापलेक सतराव्या शतकातले. त्यातला बाप समुद्री लढाई चालू असताना लहान होडी घेऊन जवळ जायचा आणि बसून रेखाटनं करायचा. लढाईत! आपल्याकडे प्रॉडक्शन सर्व्हर कोसळलेला असताना शांतपणे लॉग लिहून ठेवणारा एखादा असतो ना, तसला माणूस.

तिकडे हे का झालं? कारण विकत घेणारा होता. जहाजमालकाला आपलं जहाज भिंतीवर हवं होतं, व्यापाऱ्याला आपली नदी हवी होती. त्यांना कामाची लाज वाटत नव्हती कारण कामातूनच त्यांचा पैसा येत होता. (तो पैसा आपल्यासारख्या वसाहतींतूनही येत होता हे खरंच, पण तो वेगळा लेख.)

"ते गोरे लोक, त्यांचं सोडा," असं म्हणायच्या आधी कोलकात्याची गोष्ट ऐका. सोल्विन्स नावाचा अँटवर्पचा चित्रकार १७९१ मध्ये कलकत्त्याला आला. मूळचा तो जहाजांची चित्रं काढणारा. त्याने बंगालची माणसं, धंदे, सण यांची अडीचशे चित्रं छापली आणि त्यात हुगळीवरच्या नावांचा एक अख्खा विभाग केला. नुसती 'नाव' नाही. पानसी वेगळी, बजरा वेगळा, पटेला वेगळा, मोरपंखी वेगळी. कुठली माल नेते, कुठलीत साहेब बसतो, सुकाणू कसं असतं, वल्ही कशी मारतात, सगळं. पुस्तक चाललं नाही, बिचाऱ्याचं नुकसान झालं. पण दोनशे वर्षांनी, २००१ मध्ये, त्या नावांच्या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला, कारण अठराव्या शतकातल्या बंगालच्या नावा कशा होत्या हे बघायचं तर त्याच्याकडेच जावं लागतं. कृष्णेला सोल्विन्स मिळाला नाही. एवढाच फरक.

आणि समुद्राचं म्हणाल तर आपली अवस्था आणखी बोचरी आहे. कान्होजी आंग्रे हा साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा सरखेल. त्या आरमाराचा शेवट १७५६ मध्ये विजयदुर्गाला झाला, वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी. तुळाजीचं आरमार जळालं, आणि जाळणाऱ्या इंग्रजांना पेशव्यांची साथ होती. त्या प्रसंगाचं नावाजलेलं तैलचित्र आज कुठे आहे? ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. काढलंय डॉमिनिक सेरेस या इंग्रजांच्या चित्रकाराने. म्हणजे आपली जहाजं तैलरंगात अमर झाली ती जळताना, आणि तीही जाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली. ज्याच्या हातात कुंचला त्याच्या बाजूने वारा, असंच म्हणायचं.

इथे माझा एक मित्र नेहमीचा आक्षेप घेईल. (घेतलाच त्याने, डब्याच्या वेळी.) "फोटो आहेत की. चित्र कशाला?"

बरोबर आहे, फोटो असतील. कुणाच्या तरी ट्रंकेत लग्नाच्या वऱ्हाडाचा नावेतला फोटो असेलही. पण फोटो आणि चित्रात फरक आहे. फोटोत सगळं येतं, चित्रात काय घ्यायचं ते माणसाला ठरवावं लागतं. वल्हं काढायचं तर ते कशात अडकवलंय ते बघावं लागतं. नावाडी काढायचा तर त्याचा कुठला पाय पुढे असतो ते बघावं लागतं. काढणारा माणूस आधी बघायला शिकतो. कोड वाचून समजला असं वाटणं आणि तोच कोड कोऱ्या पानावर लिहून दाखवणं यात जेवढा फरक आहे तेवढाच.

आणि चित्र म्हणजे नुसती नोंदही नव्हे. टर्नरचं 'फायटिंग टेमेरेअर' हे चित्र घ्या. ट्रॅफल्गारच्या १८०५ च्या लढाईत गाजलेलं जहाज १८३८ मध्ये मोडीत काढायला टेम्सवरून ओढत नेलं, आणि टर्नरने पुढच्याच वर्षी चित्र प्रदर्शनात लावलं. तपशिलात पाहिलं तर त्यात चुका आहेत. जहाजाच्या डोलकाठ्या तेव्हा उतरवलेल्या होत्या, त्याने उभ्या दाखवल्या. ओढणाऱ्या वाफेच्या बोटी दोन होत्या, त्याने एकच काढली. आमच्याकडे असं डॉक्युमेंट कुणी दिलं तर रिव्ह्यूमध्ये परत येईल. पण एक जग संपलं आणि दुसरं त्याला ओढत नेतंय हे त्या एका चित्रात जेवढं कळतं तेवढं दहा अहवालांत कळत नाही. २०२० पासून ते चित्र इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर आहे. एका मोडीत निघालेल्या जहाजाचं!

म्हणजे दोन्ही लागतं. एक सोल्विन्स, यंत्र कसं चालायचं ते सांगणारा. एक टर्नर, ते गेलं तेव्हा काय वाटलं ते सांगणारा. आपल्याकडे दोघांच्याही जागा अजून रिकाम्याच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्या आत्याचा आहे. "तुम्हाला पुण्यात बसून नाव आठवते. आम्हाला पूल पाहिजे होता. रात्री कुणाच्या पोटात दुखायला लागलं की नावाडी पलीकडे झोपलेला असायचा." एकदम मान्य. पूल झाला हे चांगलंच झालं. मी नाव परत आणा म्हणत नाही. ती होती तेव्हा तिच्याकडे नीट बघितलं नाही, एवढंच म्हणतोय. नवीन सिस्टीम आणायची असते तेव्हा जुनी बंद करायच्या आधी ती काय काय करत होती ते लिहून ठेवतात. नाहीतर नेमक्या अडचणीच्या दिवशी लक्षात येतं की एक काम जुनीच करत होती आणि ते आता कुणालाच येत नाही.

कृष्णेवर असा अडचणीचा दिवस आला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. मामा-मामी गावभागात पहिल्या मजल्यावर अडकले होते. रस्त्यातून बोट आली आणि त्यांना खिडकीतून काढलं. मामी, जन्म सांगलीचा, वय पासष्ट, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसली. कुठे पाय ठेवायचा कळेना म्हणाली. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि एका गावाने डझनाहून जास्त माणसं गमावली. बोटीत क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं होती. पाणी दारात आलेलं असताना "पुढच्या खेपेला येतो" म्हणायचं बळ कुणात असतं? त्या माणसांना शहाणपण शिकवायचा मला काही अधिकार नाही. आणि भिंतीवर चित्र असतं तर बोट उलटली नसती असला बावळटपणाही मी करणार नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आजी सांगायची, नाव भरली की नावाडी काठाकडे एक नजर टाकायचा, पाणी फळीच्या कुठल्या जोडापर्यंत आलंय ते बघायचा आणि म्हणायचा, "आता उतरा दोघं." मग पाटील असला तरी उतरायचा. हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते नावाड्याच्या डोळ्यात होतं आणि बसणाऱ्यांच्या सवयीत होतं. दोन पिढ्यांत ते नदीकाठच्या गावांतूनही पुसट होत गेलं. नदी मात्र तिथेच आहे, आणि २००५, २०१९, २०२१ असे तिचे फेरे चालूच आहेत.

आता मुलांचं बघा. आमच्या वेळी एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं. स्मरण म्हणजे आठवण, बरं का. नदीकाठ असा विषय आला की आम्ही सांगली-मिरजेची पोरं काय काढायचो? दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, नारळाचं झाड आणि शिडाची होडी. कृष्णेवर शिडाची होडी मी जन्मात पाहिलेली नाही. काठावर बाभळी, ऊस, आणि गाळात रुतलेली म्हैस. पण स्मरणातून यायचं ते कॅलेंडरवरचं कोकण. घराबाहेर शंभर पावलांवर नदी, आणि आठवण दुसऱ्याच्या गावाची! बी ग्रेड मिळाली मला, ती योग्यच होती.

खरं तर काढण्यासारखं अजून पुष्कळ आहे. गुऱ्हाळातली काहील घ्या. गूळ कढवायची ती भली मोठी लोखंडी कढई, तीच पाण्यात सोडून माणसं पैलतीर गाठतात. जगात कुठे असेल असलं वाहन? श्रावणाच्या आसपास सांगलीकडे होड्यांच्या शर्यती होतात. लांब होडी, एकदम पडणारी वल्ही, पुलावर माणसांची ही गर्दी. थेट चित्रच आहे ते, कुणीतरी काढायचंच बाकी.

आणि सातारा जिल्ह्यात कोयनेचं शिवसागर. धरणाने खोरं पाण्याखाली गेलं आणि गावं काठाकाठाने वर सरकली. तापोळा, बामणोलीच्या परिसरात लाँच म्हणजे पर्यटकांची मजा नव्हे, ती तिथली एसटी आहे. शाळेची पोरं, दूध, सिलिंडर, आजारी माणूस, सगळं लाँचमधून. बार्जवर जीप चढते तेव्हा बार्ज कसा एका बाजूला कलतो आणि पोऱ्या कसा चाकाखाली दगड सारतो ते एकदा बघा. टेम्सवर जे होतं तेच हे, फक्त लहान आणि हिरवं. तिथेही आता पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. होऊ दे, लवकर होऊ दे. पण १९२९ ला सांगलीत जे हातातून गेलं ते इथे जाऊ देऊ नये एवढं तरी जमेल की नाही? चित्रकलेच्या मास्तरांनी एक सहल वाईच्या घाटाऐवजी तापोळ्याच्या धक्क्यावर न्यावी. पोरांना सांगावं, देऊळ नको, सूर्यास्त नको. दोर कुठे बांधलाय ते काढा. माणूस कुठे उभा आहे ते काढा.

वाईच्या ढोल्या गणपतीबद्दल एक राहिलं. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते देऊळ बांधलं तेव्हा त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून. नावेची नाळ पाणी कापते तशीच ती युक्ती. बांधणाऱ्याला पाणी कळत होतं. हॉटेलातल्या त्या चित्रात ती भिंत पलीकडच्या बाजूला गेली होती. दिसत होता तो फक्त कळस.

असो. सांगलीला पोचल्यावर मी बाबांपुढे कागद-पेन्सिल ठेवली. म्हटलं, "बाबा, तुम्ही काढा आता. आजीच्या गावची नाव." बाबा मोठ्या उत्साहाने बसले. बाह्यरेषा झाली, आडव्या फळ्या झाल्या. मग अडले. नावाडी पुढे उभा राहायचा की मागे? खोडलं, परत काढलं, परत खोडलं. शेवटी आत्याला फोन लावला. ती पलीकडून ओरडली, "मागं रे! पुढं शेरडं असायची!"

नावाडी मागे गेला. मग बाबांनी विचारलं की दोर कुठल्या झाडाला बांधायचे. आत्या जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते आईला माहीत होतं."

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. चित्रात दोर तसाच सोडलाय, मोकळा.